जिवंतांची थडगी

डे मॉइन शहरातल्या क्विन्सी ॲव्हेन्यूवर घर विकत घेणे फारसे अवघड नव्हते. तिथले म्हणवून घेणे अवघड होते. घराचे कागद वकिलाच्या कचेरीत होत, पण रहिवासाचा खरा निकाल व्हर्ला हेकर हिच्या गॅरेजमध्ये लागे. नव्या बिऱ्हाडाने आयोवातला एक पुरता हिवाळा काढायचा, आपल्या दारातला बर्फ आपण उपसायचा, जमल्यास शेजाऱ्याच्या दारातही दोन फावडी मारायची, आणि पुढल्या ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पडद्याची कड किंचित सारून पाहायचे, की व्हर्लाच्या अंगणात आपले थडगे उभे राहिले आहे का. राहिले असेल तर बिऱ्हाड गल्लीचे झाले. एका प्राध्यापकाला या मानासाठी तीन हिवाळे थांबावे लागले होते, कारण त्याने बर्फ उपसायला माणूस ठेवला होता.

ऑक्टोबरअखेरीस हॅलोविन हा भुताखेतांचा सण येई; त्याच्या सजावटीची ही थडगी थर्माकोलची असत. करड्या रंगाने रंगवलेली, कडा मुद्दाम कुरतडलेल्या, दोनचार जागी शेवाळे म्हणून हिरव्या रंगात बुडवलेला स्पंज टेकवलेला. प्रत्येकावर गल्लीतल्या एका हयात माणसाचे नाव आणि त्याखाली त्याच्या मृत्यूचे कारण. कारण अर्थातच त्या माणसाची सर्वांना ठाऊक असलेली खोड असे. रहिवासी मंडळाच्या अध्यक्षबाईंच्या दगडावर लिहिले होते : ‘जॅनेल लुंडक्विस्ट. सभा सात मिनिटे उशिरा सुरू झाली, त्यातच गेली.’ डावीकडच्या शेजाऱ्याच्या दगडावर : ‘गेलन युर्गेन्स. रस्ता विचारण्यापेक्षा हेच बरे वाटले.’ व्हर्लाने स्वतःलाही सोडले नव्हते. मधोमध, सगळ्यांत वाकडा दगड तिचा होता : ‘व्हर्ला हेकर. शेवटच्या श्वासापर्यंत सल्ला देत होती.’ मेलेल्यांना मात्र इथे प्रवेश नव्हता. माणूस वारला, किंवा गाव सोडून गेला, की त्याचा दगड गॅरेजच्या माळ्यावर चढे. “मेलेल्यांची सोय गावानं केलीय,” ती म्हणे. “आपण जिवंतांचं बघावं.”

दगड वाचून हसू येई, आणि ते पुरते उमटायच्या आत नजर खाली जाई. प्रत्येक दगडापुढे मातीतून एक हात वर आलेला असे. बाजारात मिळणाऱ्या रबरी पंजांसारखा नव्हे. हा हात ओळखीचा असे, कारण तो ज्याचा दगड त्याच्याच हातावरून काढलेला असे. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी व्हर्ला त्या माणसाला ओसरीवर बसवी, कोपरापर्यंत व्हॅसलीन चोपडी आणि प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळू लागे. नखांच्या कडा, कधीकाळी मोडून वाकडे जुळलेले बोट, अंगठीखालची खाच, सारे जसेच्या तसे उतरे. स्वतःचाच हात जमिनीतून वर आलेला पाहणे हा अनुभव काही जणांना आवडे, काहींना आवडला असे म्हणावे लागे.

ही विद्या तिने इस्पितळात मिळवली होती. ग्रंडी परगण्यातल्या मक्याच्या शेतावर वाढलेली ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी शहरात आली आणि एका मोठ्या इस्पितळाच्या प्लॅस्टरच्या खोलीत कामाला लागली, ती चौतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाली. झाडावरून, झोक्यावरून, गोठ्याच्या छपरावरून पडलेली अर्ध्या शहराची हाडे तिच्या हाताखालून गेली होती. मुलांना मोडलेल्या हाडापेक्षा प्लॅस्टर कापायच्या करवतीची भीती अधिक. ती करवत घरघरू लागली की धीट पोरेही भिंतीला चिकटत. व्हर्ला काही न बोलता ती चालती करवत आधी स्वतःच्या तळव्यावर टेकवी. करवत थरथरे, कातडी कापली जात नसे. पोर डोळे विस्फारी, मग हसे, मग हात पुढे करी. भय आणि हसू यांच्यात एका तळव्याचेच अंतर असते, आणि दुसऱ्याला भिववायचे असेल तर आधी ते आपल्या अंगावर घेऊन दाखवावे लागते, एवढे तत्त्वज्ञान तिने त्या खोलीतून घरी आणले. नवरा लाइल गेल्यावर, आणि मुलगा फिनिक्सला स्थायिक होऊन रविवारच्या फोनपुरता उरल्यावर, ते तत्त्वज्ञान तिने अंगणात मांडले. 

भिववणे आणि दुखावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मात्र तिला इस्पितळात नव्हे, अंगणातच कळले. सुरुवातीच्या एका वर्षी तिने मेपलच्या फांदीला दोर बांधून चिंध्यांचा एक माणूस लटकवला होता. समोरच्या घरात ओडेल ग्रॅनबेरी नावाचे निवृत्त पोस्टमन राहत. ते सकाळी टोपी हातात घेऊन आले आणि म्हणाले, “व्हर्ला, तुझ्या मनात काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण मिसिसिपीत माझ्या आजीच्या भावाला असंच झाडाला टांगलं होतं, आणि बघायला आलेल्या गोऱ्या लोकांनी सोबत जेवण बांधून आणलं होतं. माझी आई आता माझ्याकडे असते. तिची खुर्ची खिडकीपाशी आहे.”  व्हर्ला शिडी घेऊन आली, ओडेलने शिडी धरली, आणि तो चिंध्यांचा माणूस खाली उतरला तो पुन्हा कधीही वर गेला नाही. त्या दिवशी तिला जे उमगले ते ती पुढे प्रत्येक नव्या शेजाऱ्याला सांगे : भीती सगळ्यांची दारे सारखीच वाजवते, अपमान मात्र पत्ता शोधत येतो. म्हणून तिचा नियम असा, की ज्याचे दुखते त्याने सांगायचे, आणि त्याने सांगितल्यावर वाद घालायचा नाही.

या नियमात एकच खोट होती. त्यासाठी कोणीतरी बोलावे लागे. आणि ओडेल आपल्या लेकीकडे अटलांटाला निघून गेल्यापासून क्विन्सी ॲव्हेन्यूवर मनातले सरळ बोलणारा माणूस उरला नव्हता. तिथे लोक राग गिळत, वर भोपळ्याची वडी खात, आणि वाऱ्याची दिशा सांगत.

त्या वर्षीचा प्रश्न नेड्रा युर्गेन्सचा होता. नेड्रा ही गेलनची बायको, व्हर्लाची शेजारीण, आणि या साऱ्या स्मशानातली भागीदार. दगड व्हर्ला कापी, पण अक्षर नेड्राचे. आयुष्यभर तिने एका किराणा दुकानाच्या काचांवर आठवड्याचे भाव ब्रशने रंगवले होते, आणि तिच्या अक्षरात बटाटेसुद्धा भारदस्त दिसत. तिची स्वतःची खोड गल्लीत नव्हे, अख्ख्या शहरात ठाऊक होती. त्या मुलखात पाहुण्याने निघताना दोन्ही गुडघ्यांवर थाप मारून “चला” म्हणायचे, उठायचे, मग स्वयंपाकघरात दहा मिनिटे, दारात दहा मिनिटे, गाडीच्या काचेशी दहा मिनिटे, अशी रीत असते. नेड्राने त्या रीतीची कला केली होती. तिच्या दगडावर लिहिले होते : ‘नेड्रा युर्गेन्स. “निघतेच आता” म्हणाली, ती अजून दारातच उभी आहे.’ हे तिनेच सुचवले होते आणि हसत हसत तिनेच रंगवले होते.

मार्चमध्ये नेड्रा गेली. आजार कळल्यापासून सहा आठवडे. निघायला तिने इतका थोडा वेळ कधीच घेतला नव्हता.

सप्टेंबर संपत आला तसे गल्लीतल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागला, आणि म्हणूनच तो कोणी विचारला नाही. पहिली आली ती जॅनेल लुंडक्विस्ट. हातात पत्र्याच्या डब्यात भोपळ्याच्या वड्या.

“सहज आले होते हं,” ती ओसरीवर बसत म्हणाली. “जास्त झाल्या होत्या. म्हटलं, व्हर्लाला आवडतात.”

“चोवीस वड्या जास्त झाल्या?”

“तुमचं आपलं काहीतरीच! यंदा अंगणाचं काय करताय?”

“जे दर वर्षी करते ते.”

“हो, हो, करायलाच हवं. मुलांना किती आवडतं! मी आपली विचार करत होते, गवताच्या दोन पेंड्या, चार भोपळे, मक्याची कणसं... म्हणजे शरद ऋतू आल्यासारखं वाटेल. प्रसन्न.”

“प्रसन्न हॅलोविन?”

“गेलनचा विचार करून म्हटलं. खिडकी उघडली की समोर स्मशान. बिचाऱ्याला काय वाटेल?”

“त्याला काय वाटतं, ते तू विचारलंस त्याला?”

जॅनेलने असे पाहिले, की जणू व्हर्लाने तिला कोणाच्या न्हाणीघरात डोकावायला सांगितले होते. “अहो, असं कसं विचारायचं!” ती म्हणाली, आणि दोघींनी एकेक वडी खाल्ली.

जॅनेल गेल्यावर व्हर्लाने ठरवले, की आपण विचारायचे. तिला भिण्याचे कारणही होते. लाइल गेला तेव्हापासून अठ्ठावीस वर्षे युर्गेन्सांचे मागचे दार तिला आणि तिचे मागचे दार युर्गेन्सांना उघडे होते. त्यातली नेड्रा गेली होती. आता गेलनही दुरावला, तर न ठोठावता आत येणारे माणूस तिच्या आयुष्यात उरणार नव्हते. ती शेजारी गेली, स्वयंपाकघरात बसली, गेलनने कॉफी ओतली.

“पाऊस झाला म्हणे उत्तरेला,” तो म्हणाला.

“झाला. सोयाबीन भिजलं असेल.”

“भिजलं असेल.”

“तुझी पन्हळ पानांनी भरलीय, गेलन.”

“काढतो शनिवारी.”

“मेपलची पानं वाईट. चिकटून बसतात.”

“वाईटच.”

अशी चाळीस मिनिटे गेली. पन्हळीचा उतार, पन्हळीचे खिळे, पन्हळीचे पत्र्याचे आणि प्लॅस्टिकचे प्रकार, यांवर दोघांचे एकमत झाले. नेड्राच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. तो तिथे यासाठीच होता, की तिथे कोणी बसू नये. व्हर्लाने दोनदा तोंड उघडले आणि दोन्ही वेळा कॉफी प्यायली. घरी येऊन ती स्वतःला इतक्या शिव्या देत होती, की तिच्या मांजरीने खोली बदलली.

शेवटी तिने नियमाचा आधार घेतला. थडगी जिवंतांची, नेड्रा जिवंत नाही, म्हणून नेड्राचा दगड माळ्यावर. तर्क बिनतोड होता, आणि बिनतोड तर्काची जी ओढाताण होते तीही झाली. कारण दगड माळ्यावर गेला तरी हात जाईना. लांब बोटांचा, ब्रश धरून धरून मधल्या बोटाला घट्टा पडलेला तो हात तिने टॉवेलात गुंडाळला आणि चादरींच्या कपाटात ठेवला. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी स्मशान उभे राहिले. पहिल्या ओळीत गेलनचा दगड होता. त्याच्या शेजारी, जिथे नेड्राचा असे, तिथे गवत होते.

दुपारी गेलन आपल्या पिकअपमधून परतला. गाडी हळू झाली, जवळजवळ थांबली. त्या गल्लीत ओळखीच्या माणसाला पाहिले की स्टिअरिंगवरून एक बोट वर होते. यापेक्षा अधिक केले तर आगाऊपणा, आणि हेही केले नाही तर युद्ध. व्हर्ला दाताळे घेऊन अंगणातच उभी होती. गेलनचे बोट उचलले गेले नाही.

मग तिच्या हातून दुसरी चूक झाली. हा दगडांमुळेच दुखावला, असे समजून तिने त्याच रात्री गेलनचाही दगड उपटला, हातासकट. सकाळी त्याच्या खिडक्यांचे पडदे खाली होते. मंगळवारी तिच्या ओसरीवर तिचे ओव्हनमधले काचेचे भांडे ठेवलेले सापडले. नेड्राच्या आजारपणात त्यातून तिने बटाट्याचे काहीबाही नेऊन दिले होते. भांडे लख्ख घासलेले होते, आणि रिकामे होते. आयोवात भांडे रिकामे परत येत नाही. त्यात निदान चार सफरचंदे तरी येतात, शेजाऱ्याचे तोंड पाहायचे नसले तरी येतात. ते रिकामे भांडे हातात घेऊन व्हर्ला बराच वेळ ओसरीवर उभी राहिली. चौतीस वर्षे हाडे जुळवलेल्या बाईला हे कुठे मोडले आहे ते कळेना, आणि ज्याचे मोडले होते तो सांगेना.

तीन आठवडे असे गेले. जॅनेल मुद्दाम फोन करून म्हणाली, “मी आपलं सुचवलं होतं, एवढंच. मला काही म्हणायचं नाही.” आणि मग वीस मिनिटे म्हणत राहिली. गल्लीतल्या काहींचे मत पडले, की व्हर्लाने यंदा हौस आवरायला हवी होती. काहींचे असे, की सगळे स्मशानच मुळात जरा अतीच होते. आणि आश्चर्य म्हणजे ज्यांनी गेली वीस वर्षे स्वतःच्या थडग्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढली होती त्यांचेही.

व्हर्लाने हार मानली. त्या शहरात सोंगे घेऊन दारोदार चॉकलेट मागणाऱ्या मुलांची फेरी हॅलोविनला, एकतीस तारखेला नव्हे तर आदल्या संध्याकाळी, भिकाऱ्यांच्या रात्री, सहा ते आठ या वेळात निघते. एकोणतीस तारखेला दुपारी तिने हातगाडी बाहेर काढली आणि दगड उपटायला सुरुवात केली. प्राध्यापक गेला, मागोमाग त्याचा हात गेला. जॅनेलचा दगड ओढताना त्याची मातीत रोवलेली काठी मोडली. एवढ्यात शेजारचे दार आपटले आणि गेलन युर्गेन्स, स्वेटरची बटणे एक घर चुकवून लावलेला, तरातरा कुंपणाशी आला.

“काय चाललंय?”

“काढतेय.”

“का?”

“गवताच्या पेंड्या आणणार आहे. आणि भोपळे. प्रसन्न.”

“माझा दगड कुठाय?”

“काढला.”

“ते दिसतंय मला. मी मेलोय का?”

“गेलन, मला वाटलं, तुला...”

“तुझा नियम काय आहे? जिवंत माणसाचा दगड लागतो. मी सकाळी उठतो, दाढी करतो, बिलं भरतो. कालच्या सभेत मंडळाच्या ठरावाला हातही वर केला. माझा दगड कुठाय?”

“आधी लावला होता तर तू बोट उचललं नाहीस!”

“कसं उचलणार? सव्वीस वर्षं तिथं दोन दगड होते. तू एक काढलास आणि मधे जागा ठेवलीस. पडलेल्या दातासारखी! येणारा-जाणारा आधी ती जागा बघायचा, मग माझ्या खिडकीकडे बघायचा. गेलन एकटा उरला, हे अख्ख्या गल्लीला सांगायला तुला माझंच थडगं सापडलं?”

व्हर्लाने हातगाडी खाली ठेवली. “मग नेड्राचा लावला असता तर? तर नसतास चिडलास?”

गेलनने विचार केला. तो प्रामाणिक माणूस होता, आणि प्रामाणिकपणा त्याला नेहमीच गैरसोयीच्या वेळी गाठी.

“चिडलो असतो,” तो म्हणाला. “पण समोर येऊन चिडलो असतो. दोन शिव्या घातल्या असत्या, तू दोन घातल्या असत्यास, झालं असतं. काय लावलंय म्हणून भांडू मी? गवताशी भांडू?”

“मला सांगायचंस ना मग!”

“तू विचारलंस का?”

“विचारायलाच आले होते मी!”

“तू पन्हळीबद्दल विचारलंस, व्हर्ला! चाळीस मिनिटं! मला वाटलं, ही आता नेड्राबद्दल बोलेल, आता बोलेल, तर तू म्हणतेस, पत्र्याची बरी की प्लॅस्टिकची!”

“अरे, तूच म्हणालास पत्र्याची!”

“कारण पत्र्याचीच बरी!”

समोरच्या घरात एक पडदा हलला. दोघांनी तिकडे पाहिले, पडदा स्थिर झाला. गेलन खालच्या आवाजात म्हणाला, “गावच्या स्मशानात तिचा दगड आलाय गेल्या महिन्यात. ग्रॅनाइटचा. चांगलाय. नाव, दोन तारखा, आणि ‘प्रिय पत्नी’. मुलींनी निवडला. मी म्हटलं ठीक. पण तो वाचून वाटतं, कोण ही बाई? असेल कोणाची तरी प्रिय पत्नी. माझी तर तुझ्याकडून पाच मिनिटांत येते म्हणून जायची आणि मी पावणेनऊला गारढोण मटार खायचो.”

व्हर्लाला हसू आले, आणि ते आवरायच्या ऐवजी तिने येऊ दिले. गेलन हसला नाही, पण त्याने कुंपण ओलांडले. त्यासाठी पाय बराच उंच करावा लागला आणि मध्ये थोडा वेळ तो अडकलाही होता; व्हर्लाने न पाहिल्यासारखे केले. 

“लावते,” ती म्हणाली. “आत्ता लावते. नियमाचं काय ते मी बघून घेईन.”

“अक्षरं उडालीत त्याची. गेल्या वर्षीच उडाली होती. रंगवीन म्हणाली होती.”

“रंग आहे गॅरेजमध्ये.”

ते गॅरेजच्या दारापर्यंत गेले, आणि तिथे व्हर्ला थांबली. चादरींचे कपाट तिच्या डोळ्यांपुढे होते. कॉफी नव्हती, वड्या नव्हत्या, तोंडात घालायला काहीच नव्हते. म्हणून तिने विचारले.

“गेलन, तिचा हात आहे माझ्याकडे. तो लावू का?”

 गेलन गॅरेजच्या आत, भिंतीला टांगलेल्या बागेच्या हत्यारांकडे पाहत होता. त्याचा उजवा हात नकळत डाव्या हाताची बोटे एकेक करून चाचपत होता.

“नको,” तो म्हणाला. “हात नको.”

“बरं.”

“दगड म्हणजे तिची थट्टा आहे. तिनं स्वतः केलेली. हात म्हणजे... तो हातच आहे, व्हर्ला. तो मला ओळखू येईल.”

“बरं, गेलन.”

“टाकू नकोस. पण दाखवूही नकोस. कुठं ठेवलाय ते सांगू नकोस. मी विचारीन कधीतरी. नाहीही विचारणार.”

चाळीस वर्षांत त्या गल्लीत इतके सरळ उत्तर व्हर्लाला दुसऱ्यांदाच मिळत होते. त्यात वादाला जागा नव्हती, आणि तिला वाटले त्यापेक्षा ते ऐकून पुष्कळ हलके वाटले. एकाच माणसाला एकाच थडग्यातले अर्धे हवे होते आणि अर्धे सोसणार नव्हते. ही रेघ जॅनेलला आखता आली नसती, मंडळाच्या ठरावाला आखता आली नसती, खुद्द व्हर्लालाही नाही. ज्याच्या अंगावरून ती जात होती त्यालाच ती कुठून जाते हे ठाऊक होते.

नेड्राचा दगड माळ्यावरून उतरला. गेलनने ब्रश घेतला आणि जुन्या अक्षरांवरून रंग फिरवायला बसला. पहिल्याच अक्षराची शेपटी काठापर्यंत गेली.

“भिकार येतंय,” व्हर्ला त्याच्या खांद्यावरून म्हणाली.

“सल्ला दे ना, दे. तेवढंच राहिलंय.”

“ब्रश आडवा धर. ती आडवा धरायची.”

“मी नवरा होतो तिचा.”

“म्हणूनच सांगतेय. तू कधी बघितलंयस तिला काम करताना?”

गेलनने ब्रश आडवा धरला. अक्षर सुधारले असे म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला गल्ली पोरांनी भरली. वारा बोचरा होता. चेटकिणी, अंतराळवीर आणि एक अख्खा टोस्टर, सगळे आईबापांनी जबरदस्तीने चढवलेल्या जाड कोटांत कोंबलेले होते. व्हर्लाच्या अंगणात पहिल्या ओळीत दोन दगड शेजारी शेजारी उभे होते, एकाची अक्षरे जराशी डुगडुगती. एकापुढे हात होता, दुसऱ्यापुढे गवत. ओसरीच्या पायरीवर गेलन चॉकलेटची परात मांडीवर घेऊन बसला होता. डे मॉइनमध्ये चॉकलेट फुकट मिळत नाही, मुलाने एक विनोद सांगावा लागतो, आणि गेलन या बाबतीत कडक परीक्षक असल्याचे लवकरच उघड झाले.

“झालेला आहे हा,” तो टोस्टरला म्हणाला. “तुझ्या आधी तिघांनी सांगितला. दुसरा.”

टोस्टरने डोके खाजवायचा प्रयत्न केला, पण हात तिथवर पोचेना. “सांगाडा जेवायला बसला तर सगळ्यांत खूश कोण होतं?”

“कोण?”

“टेबलाखालचा कुत्रा.”

गेलनने गंभीरपणे दोन चॉकलेटे दिली.

साडेसहाच्या सुमारास जॅनेल लुंडक्विस्ट आपल्या जुळ्या मुलींना घेऊन आली. फाटकातच तिला पहिली ओळ दिसली आणि तिचा चेहरा पडला. मुलींना पुढे पाठवून ती व्हर्लाला बाजूला घेऊन गेली.

“व्हर्ला! तुम्ही नेड्राचा लावलात?” ती कुजबुजली. “गेलनला काय वाटेल?”

“तो काय, तिथं बसलाय,” व्हर्ला म्हणाली. “विचार.”

जॅनेलने ओसरीकडे पाहिले. गेलनने परातीतून मान वर केली आणि तो वाट पाहू लागला. खरोखरच वाट पाहत होता. नीट विचारले असते तर त्याने नीट सांगितले असते, दगडाचे, हाताचे, गार मटारांचे, सारे. जॅनेल चार पावले पुढे गेली. तिने ओठ उघडले. 

“थंडी जरा जास्तच आहे, नाही?” जॅनेल म्हणाली.

गेलनने व्हर्लाकडे पाहिले, मग आभाळाकडे.

“वायव्येचा वारा आहे,” तो म्हणाला आणि परात तिच्यापुढे केली. “घे. पण विनोद सांगावा लागेल.”